न दिसणाऱ्याचं वजन: डब्ल्यू बोसॉनची चाळीस वर्षांची मोजणी

(हे या भागाचं शब्दांकन आहे. बोलताना झालेल्या पुनरुक्ती काढल्या आहेत, बाकी बोलणं बहुतेक तसंच ठेवलंय.)



मागच्या भागात न्यूट्रिनोबद्दल ओझरतं बोललो, तर एका श्रोत्यांचा लगेच प्रश्न आला. त्यांनी विचारलं, "जे दिसत नाही, पकडता येत नाही, त्याचं वजन ही मंडळी करतात कसं? आणि केलं तरी आपण त्यावर विश्वास का ठेवायचा?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर पाच मिनिटांत देता येईल. दुसऱ्याला मात्र अख्खा भाग लागणार, कारण हा दुसरा प्रश्न आज, आत्ता, त्या क्षेत्रातल्या लोकांनाही छळतोय. 2022 मध्ये एक आकडा जाहीर झाला आणि तो अजून कुणाला गिळताही येत नाही आणि थुंकताही येत नाही. तिथपर्यंत आपल्याला पोचायचंय.

(वजन आणि वस्तुमान एकच नाही, हे मला ठाऊक आहे. बोलण्याच्या ओघात मी वजन म्हणेन, तुम्ही वस्तुमान ऐका.)

सुरुवात दुकानातून करू. रात्री दुकान बंद करताना शेटजी रोजमेळ जुळवतात. सकाळची शिल्लक अमुक, दिवसभराची विक्री अमुक, दिलेले पैसे तमुक. गल्ल्यात हवे होते तेवढे नाहीत, पन्नास रुपये कमी. कुणी नेले ते दिसलं नाही, पण किती गेले ते कळलं की नाही? फक्त एक अट आहे. सकाळी गल्ल्यात किती होते ते पक्कं माहीत पाहिजे. ही आरंभीची शिल्लक लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरच सगळं अडणार आहे.

भौतिकशास्त्रात असा रोजमेळ पहिल्यांदा गाजला तो बीटा ऱ्हासाचा. अणुकेंद्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, तर दर वेळी तेवढीच ऊर्जा घेऊन पडायला हवा. पण तो कधी कमी घेऊन यायचा, कधी जास्त. उरलेली जायची कुठे? नील्स बोरसारखा माणूस म्हणायला लागला की कदाचित या पातळीवर ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियमच तंतोतंत लागू होत नसेल. म्हणजे शेटजींनीच म्हणावं की जाऊ दे, हिशोब जुळलाच पाहिजे असं कुठे आहे! वोल्फगांग पाउलीला हे पटलं नाही. 4 डिसेंबर 1930 रोजी त्यानं ट्युबिंगनला भरणाऱ्या एका बैठकीला पत्र पाठवलं. मायना होता "प्रिय किरणोत्सारी स्त्रीपुरुषहो". पत्रात सुचवलं होतं की एक विद्युतभार नसलेला, न दिसणारा कण उरलेली ऊर्जा घेऊन जातो. स्वतः का येत नाही याचं कारणही प्रामाणिकपणे दिलं होतं. झ्युरिकला नृत्याचा कार्यक्रम होता आणि त्याला तिथे जायचं होतं. तो कण प्रत्यक्ष पकडला गेला 1956 मध्ये, रेन्स आणि कोवान यांच्याकडून, अणुभट्टीशेजारी.

मधल्या काळात फर्मीनं एक गोष्ट दाखवून दिली, ती आपल्या कामाची आहे. कण दिसत नसला तरी इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेचा आलेख काढला, तर आलेखाच्या शेवटच्या टोकाचा आकार त्या न दिसणाऱ्याच्या वस्तुमानावर ठरतो. म्हणजे एका घटनेतून काही कळत नाही. हजारो घटना गोळा करा आणि त्या कुठे जाऊन थांबतात ते बघा. आलेखाची कड बघा. गेल्या चाळीस वर्षांत जे जे झालं ते या कडेच्याच शोधात.

आता 1970 चं दशक. ग्लॅशो, वाइनबर्ग आणि सलाम यांचा सिद्धान्त सांगत होता की ज्या बलामुळे बीटा ऱ्हास होतो ते वाहून नेणारे कण असले पाहिजेत. भार असलेला डब्ल्यू आणि भार नसलेला झेड. आणि ते चांगलेच जड असले पाहिजेत, प्रोटॉनच्या ऐंशी-नव्वद पट. एवढे जड कण निर्माण करायला लागणारी टक्कर त्या वेळच्या कुठल्याही यंत्रात होत नव्हती.

कार्लो रुबिया या इटालियन माणसाचं नाव इथे येतं. 1976 मध्ये त्यानं क्लाइन आणि मॅकिन्टायर यांच्याबरोबर एक योजना मांडली. नवीन यंत्र बांधू नका, आहे त्याच कड्यात एका दिशेनं प्रोटॉन फिरवा, उलट दिशेनं प्रतिप्रोटॉन, आणि समोरासमोर आदळवा. अमेरिकेतल्या फर्मीलॅबनं तेव्हा ते मनावर घेतलं नाही. जिनिव्हाजवळच्या सर्ननं घेतलं. अडचण होती प्रतिप्रोटॉनची. ते तयार होतात तेच मुळात उधळलेल्या मेंढरांसारखे, दहा दिशांना दहा वेगांनी. त्यांना ओळीत आणायची युक्ती सायमन व्हान डर मेर या डच अभियंत्याची. कड्याच्या एका ठिकाणी कळप सरासरी किती भरकटलाय ते मोजायचं, तो इशारा आडव्या वाटेनं, म्हणजे कण वळसा घालून येण्याआधी, समोरच्या बाजूला पाठवायचा, आणि तिथे पोचल्यावर त्यांना हलका धक्का द्यायचा. असं पुन्हा पुन्हा. ऐकायला अशक्य वाटतं, पण चाललं. जुलै 1981 मध्ये 270 अधिक 270 जीईव्हीच्या टकरी सुरू झाल्या. जीईव्ही म्हणजे काय, तर एका प्रोटॉनचं वस्तुमान साधारण 0.94 जीईव्ही, एवढं डोक्यात ठेवलं तरी आजच्यापुरतं पुरे.

आता खरी गंमत इथे आहे. डब्ल्यू दिसत नाही. सेकंदाच्या एक भागिले एकावर पंचवीस शून्यं, साधारण इतक्याच काळात तो फुटतो. त्यामुळे तो ज्यांच्यात फुटला त्यांच्यावरून त्याला ओळखायचं. बहुतेक वेळा तो क्वार्कमध्ये फुटतो आणि त्या गोंधळात हरवतो. दर नऊ वेळांत साधारण एकदा तो इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रिनोत फुटतो. इलेक्ट्रॉन दिसतो. न्यूट्रिनो मात्र अख्ख्या डिटेक्टरमधून, भिंतींमधून, पृथ्वीमधून आरपार निघून जातो. म्हणजे मूळ चोर दिसत नाही आणि त्याचा एक साथीदारही दिसत नाही!

मग रोजमेळ जुळवायचा म्हणता? इथे शिल्लक आडवी येते. प्रोटॉन हा एकसंध गोळा नसतो, ती क्वार्क-ग्लुऑनची थैली. टक्कर होते ती एका थैलीतल्या एका दाण्याची दुसऱ्या थैलीतल्या एका दाण्याशी. कुठला दाणा किती संवेग घेऊन आला होता, माहीत नाही. बाकीचे दाणे नळीतूनच सरळ पुढे निघून जातात, ते मोजता येत नाहीत. थोडक्यात, शलाकेच्या दिशेनं आरंभीची शिल्लक अज्ञात. पण आडव्या दिशेनं? दोन्ही शलाका समोरासमोरून येतात, डावी-उजवीकडे, वर-खाली काहीच चाल नाही. आडव्या दिशेनं शिल्लक शून्य. आणि शून्य ही सगळ्यात पक्की शिल्लक.

कॅरम आठवा. मधोमध ठेवलेल्या सोंगट्या कुणी फोडल्या नाहीत, आपोआपच मधून फुटल्या अशी कल्पना करा. सगळ्या सोंगट्यांच्या चालीची बेरीज शून्य यायला हवी. एक सोंगटी उजवीकडे जोरात गेली आणि डावीकडे कोरा बोर्ड दिसला, तर डावीकडे एक न दिसणारी सोंगटी गेली. किती जोरात, तेही कळलं. याला म्हणतात हरवलेली आडवी ऊर्जा.

यासाठी डिटेक्टरला भोक असून चालत नाही. एखादा दिसणारा कण भोकातून निसटला तर तोही न्यूट्रिनोसारखाच भासणार. रुबियाच्या गटाचा डिटेक्टर, यूए-1, सुमारे दोन हजार टनांचा, शलाकेच्या नळीच्या अगदी जवळपर्यंत चहूबाजूंनी बंद केलेला होता. समोर त्याच कड्यावर प्रतिस्पर्धी यूए-2, पियेर दारियुला यांच्या नेतृत्वाखालचा, आकारानं लहान पण ऊर्जा मोजण्यात काटेकोर.

1982 च्या शेवटच्या दोन महिन्यांत जवळपास अब्जभर टकरी झाल्या. त्यातून यूए-1 ला मिळाल्या सहा. सहाशे नव्हेत, सहा घटना, ज्यात एका बाजूला दणदणीत इलेक्ट्रॉन आणि समोर शांतता. 20 जानेवारी 1983, गुरुवार. रुबियानं सर्नच्या सभागृहात त्या सहा मांडल्या. दुसऱ्या दिवशी यूए-2 नं आपल्या चार मांडल्या, जरा हात राखून. 25 तारखेला पत्रकार परिषद. यूए-1 चं वस्तुमान 81 जीईव्ही, पाच इकडे किंवा तिकडे. यूए-2 चं साधारण 80. सिद्धान्ताचा अंदाज होता 82 च्या आसपास. त्याच वर्षी झेडही सापडला. न्यूयॉर्क टाइम्सनं जूनमध्ये अग्रलेख लिहिला, त्याचं शीर्षकच होतं की युरोप 3, आणि अमेरिकेचा साधा झेड-झीरोसुद्धा नाही. पुढच्याच वर्षी रुबिया आणि व्हान डर मेर यांना नोबेल.

सहा घटनांवरून वस्तुमान काढलं कसं? आता मी म्हणेन ते डोळ्यांसमोर आणा. आपल्याकडे मे महिन्यात शून्य सावली दिवस असतो ना, सूर्य अगदी डोक्यावर. त्या दुपारी तुम्ही एका मापाच्या भरपूर काठ्या हवेत भिरकावल्या आणि फक्त जमिनीवरच्या सावल्या मोजल्या. काठी उभी असेल तर सावली ठिपक्याएवढी. तिरकी असेल तर मधली. आडवी असेल तर पूर्ण. काठीपेक्षा सावली लांब कधीच पडत नाही. आणि आणखी एक गोष्ट होते, ती कागदावर करून बघा. काठ्या कशाही फिरत असल्या तरी सावल्यांची गर्दी होते पूर्ण लांबीच्या अगदी जवळ, आणि तिथून पुढे आलेख एकदम कोसळतो. म्हणून काठी एकदाही न बघता, सावल्यांच्या आलेखाची कड कुठे आहे ते पाहून तुम्ही काठीचं माप सांगू शकता.

इलेक्ट्रॉनचा आडवा संवेग, न्यूट्रिनोचा आडवा संवेग (तो रोजमेळातून आलेला), आणि दोघांमधला कोन. या तिघांवरून जी राशी काढतात तिला ट्रान्सव्हर्स मास म्हणतात, आपण आडवं वस्तुमान म्हणू. ती म्हणजे वस्तुमानाची सावली. 1983 मध्येच स्मिथ, व्हान नीरव्हेन आणि व्हर्मासेरेन यांनी या आलेखाचा व्यवस्थित अभ्यास छापला, आणि त्यानंतर डब्ल्यूची मोजणी म्हणजे ही कड शोधणं असं समीकरण होऊन बसलं.

आपल्या म्हणीत मापात पाप असतं ते इथेही असतं. कड धारदार असती तर प्रश्न नव्हता. पण डब्ल्यूचं स्वतःचं वस्तुमानच दर खेपेस किंचित वेगळं असतं. त्याला स्वतःलाही आडवी चाल असते. आणि डिटेक्टर मोजताना चुकतो. त्यामुळे कड विरघळते, कड्याचा उतार होतो. किती विरघळली ते अचूक सांगता आलं नाही, तर वस्तुमान तेवढंच चुकणार.

हरवलेल्या ऊर्जेवर किती विसंबायचं याचा धडा रुबियाच्याच गटाला लवकर मिळाला. 1984 मध्ये यूए-1 नं काही विचित्र घटना जाहीर केल्या. एका बाजूला कणांचा एकच झोत, आणि समोर काहीच नाही. मोनोजेट म्हणाले त्यांना. इलेक्ट्रॉन नाही म्हणजे डब्ल्यू नाही, मग समोर गेलं काय? सिद्धान्तवाल्यांना सुपरसिमेट्रीची स्वप्नं पडायला लागली. प्रत्येक कणाला एक जड जोडीदार असतो, असं सांगणारी ही कल्पना, आणि तिच्यातला सगळ्यात हलका जोडीदार न्यूट्रिनोसारखाच न दिसणारा. नोबेल खिशात असलेल्या माणसाला दुसऱ्याची चाहूल लागलीसुद्धा असेल. मग स्टीव्ह एलिस यांच्यासारखे लोक शांतपणे बेरीज करत बसले. झेड फुटून दोन न्यूट्रिनो झाले तर असं दिसेल, थोडा वाटा त्याचा. डब्ल्यू टाऊमध्ये फुटला तर असं दिसेल, थोडा वाटा त्याचा. आणखी चारदोन ठाऊक असलेल्या गोष्टी, प्रत्येकीचा चिमूटभर वाटा. सगळं मिसळल्यावर नवीन कणाला जागाच उरली नाही. गॅरी टॉब्स या पत्रकारानं त्या दिवसांवर 'नोबेल ड्रीम्स' नावाचं पुस्तक लिहिलं. भावकीतल्या भांडणांची आवड असेल तर जरूर वाचा.

यानंतर एलईपी. 27 किलोमीटरचं कडं, 1989 पासून 2000 पर्यंत चाललं. यात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन आदळायचे. हे थैल्या नाहीत, आत दाणे नाहीत. त्यामुळे आरंभीची शिल्लक सगळ्या दिशांनी माहीत. तिथे झेडचं वस्तुमान इतकं बारीक मोजलं, 91,187.6 एमईव्ही, चूक फक्त 2.1 (हजार एमईव्ही म्हणजे एक जीईव्ही), की चंद्र आडवा यायला लागला. खरंच सांगतोय. समुद्राला जशी भरती येते तशी जमिनीलाही येते, आणि तिच्यामुळे 27 किलोमीटरचं कडं मिलिमीटरभर ताणलं जायचं, शलाकेची ऊर्जा हलायची. जिनिव्हा सरोवराची पातळी बदलली तरी फरक. आणि एक गूढ धक्का असा होता की तो पहाटे काही तास थांबायचा. शेवटी कळलं, तो जवळून जाणाऱ्या फ्रेंच टीजीव्ही आगगाडीच्या रुळांतून जमिनीत झिरपणारा विद्युतप्रवाह!

एलईपीनं न दिसणाऱ्यांची शिरगणतीही केली. झेड ज्या मार्गांनी फुटू शकतो ते जितके जास्त, तितकं त्याचं आयुष्य कमी आणि आलेखातली त्याची टेकडी रुंद. दिसणाऱ्या मार्गांचा हिशोब वजा केला, जे उरलं ते न दिसणाऱ्या न्यूट्रिनोंचं. भागाकार आला 2.98. म्हणजे हलके न्यूट्रिनो तीन प्रकारचे, चौथा नाही. या प्रयोगांपैकी एल-3 मध्ये मुंबईच्या कुलाब्यातल्या टीआयएफआरचे, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चचे, शास्त्रज्ञ होते.

इथे थोडं थांबून, दोन कण हरवले तर काय करायचं ते सांगतो, कारण प्रश्न विचारणाऱ्या श्रोत्यांच्या मनात बहुधा तेच होतं. सुपरसिमेट्री खरी असेल तर जड कण जोडीनं तयार होणार, आणि प्रत्येकाच्या पोटातून एकेक न दिसणारा कण निघून जाणार. गल्ल्यातून शंभर रुपये गेले, पण दोघांनी मिळून नेले. कुणी किती? 1999 मध्ये केंब्रिजच्या ख्रिस लेस्टर आणि डेव्हिड समर्स यांनी युक्ती काढली. हरवलेला संवेग दोघांत जितक्या प्रकारे वाटता येईल तितक्या सगळ्या प्रकारे वाटून बघा. प्रत्येक वाटणीत दोन आडवी वस्तुमानं मिळतात, त्यातलं मोठं ठेवा. मग सगळ्या वाटण्यांमधून सगळ्यात लहान निवडा. हे उत्तर खऱ्या वस्तुमानाच्या वर कधी जात नाही. म्हणजे पुन्हा सावली, पुन्हा कड. याला एम-टी-टू म्हणतात. अडचण एवढीच की हरवलेल्या कणाचं वजन आधी गृहीत धरावं लागतं. 2007 मध्ये कोरियन शास्त्रज्ञांनी दाखवलं की गृहीत आकडा बदलत नेला तर बरोबर खऱ्या वजनापाशी कडेच्या आलेखाला एक कोपरा येतो, आणि तिथून दोन्ही वजनं एकदम काढता येतात. फार देखणी कल्पना. फक्त ज्यासाठी ती काढली ते कण अजून मिळालेले नाहीत. फर्मीलॅबच्या सीडीएफ गटानं ही युक्ती टॉप क्वार्कवर चालवून पाहिली, आणि ती चालली. ताजव्याची चाचणी झाली, माल मात्र अजून यायचाय.

आता त्या 2022 च्या आकड्याकडे.

शिकागोजवळच्या फर्मीलॅबनं 1976 मधली चूक नंतर सुधारली. त्यांच्या टेव्हाट्रॉन यंत्रात प्रोटॉन-प्रतिप्रोटॉन टकरी झाल्या, 1995 मध्ये टॉप क्वार्क सापडला, आणि 30 सप्टेंबर 2011 रोजी यंत्र बंद झालं. कड्यावर दोन प्रयोग होते, सीडीएफ आणि डी-झीरो. डी-झीरोमध्येही टीआयएफआर होतीच. 2012 मध्ये दोघांनी डब्ल्यूचं वस्तुमान सांगितलं. सीडीएफ 80,387, चूक 19. डी-झीरो 80,375, चूक 23. एकमेकांशी छान जुळणारे. पण सीडीएफनं तेव्हा आपल्या माहितीचा साधारण चौथाच भाग वापरला होता.

उरलेल्या कामाला दहा वर्षं लागली. कामाचे प्रमुख होते ड्यूक विद्यापीठाचे आशुतोष कोतवाल. (आडनाव ऐकून मराठी कान टवकारतातच. भारतीय वंशाचे आहेत.) 42 लाख डब्ल्यू, 1983 मध्ये होते सहा. डिटेक्टरच्या गाभ्यात तीस हजारांवर तारा, त्यांच्याजवळून कण गेला की त्या सांगतात. तारा नेमक्या कुठे आहेत? आकाशातून सतत येणाऱ्या वैश्विक किरणांच्या म्युऑननी सरळ आरपार जाताना जी रेघ आखली, तिच्यावरून तारांच्या जागा सुधारल्या. संवेगाचा ताजवा बरोबर आहे का? जे-साय आणि उप्सिलॉन या दोन कणांचं वजन आधीच बारीक ठाऊक आहे, ते तोलून बघितलं. मग झेड तोलला, आणि तो एलईपीच्या आकड्याशी जुळला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोजणाऱ्यांना स्वतःचं उत्तर दिसत नव्हतं. संगणकानं एक गुप्त आकडा उत्तरात मिसळून ठेवला होता, म्हणजे मनासारखं उत्तर यावं म्हणून नकळतसुद्धा हात वळू नये. सगळे टप्पे गोठवल्यावर, नोव्हेंबर 2020 मध्ये, कोविडमुळे आपापल्या घरी स्क्रीनसमोर बसून त्यांनी तो आकडा काढून टाकला.

80,433.5. चूक 9.4.

एप्रिल 2022 मध्ये ते 'सायन्स'मध्ये छापून आलं. प्रस्थापित सिद्धान्त, ज्याला स्टँडर्ड मॉडेल म्हणतात, तो सांगतो 80,357, चूक 6. हे आकडे अंगावर येत असतील तर किलोमध्ये घ्या. 80 किलोच्या माणसाचं वजन सीडीएफनं नऊ-दहा ग्रॅमच्या आत सांगितलं, आणि ते हवं त्यापेक्षा 76 ग्रॅम जास्त निघालं. एक बटाटेवडा. पण काटा दहा ग्रॅमपर्यंत खरा असेल तर हा वडा कुठून आला हे सांगावंच लागेल, कारण डब्ल्यूच्या वजनावर विश्वातल्या प्रत्येक जड कणाचा अदृश्य भार पडतो. टॉप सापडण्याआधी त्याचं वजन याच वाटेनं अंदाजलं होतं. हिग्जबद्दलही तसंच. म्हणून जास्तीचे 76 म्हणजे कदाचित अजून न दिसलेल्या कुणाचा तरी वाटा. शोधनिबंधांचा पाऊस पडला.

आणि पंचाईत ही की बाकी कुणाचाच काटा ते दाखवत नव्हता. एलईपीचा एकत्रित आकडा 80,376. डी-झीरोचा, त्याच कड्यावरच्या शेजाऱ्याचा, 80,375. एलएचसीवरच्या ॲटलासनं जुनी मोजणी नव्यानं करून 80,366.5 सांगितला, चूक 15.9. सगळ्या प्रयोगांतल्या मंडळींनी एकत्र बसून, प्रत्येकानं सिद्धान्ताचे कुठले तक्ते वापरले ते सारखं करून पाहिलं. तरी सीडीएफ बसेना. त्यांनी सांगून टाकलं की सगळ्यांची सरासरी काढण्यात अर्थ नाही. सीडीएफनं वापरलेली गणिताची प्रणाली जुनी होती असा आक्षेप आला. ती बदलून कुणीतरी हिशोब केला, तर फार तर दहा एमईव्हीचा फरक. 76 चा नाही.

सगळे थांबले होते सीएमएससाठी. (या डिटेक्टरचा बाहेरचा एक थर, हॅड्रॉन ऊर्जा मोजणारा, टीआयएफआर आणि पंजाब विद्यापीठानं बनवलाय.) 17 सप्टेंबर 2024 रोजी त्यांनी आकडा सांगितला. 80,360.2, चूक 9.9. सीडीएफइतकाच बारीक, आणि सिद्धान्ताच्या मांडीवर जाऊन बसलेला.

मला यात सगळ्यात रंजक वाटली ती त्यांची पद्धत. एलएचसीवर एकाच क्षणी वीस-पंचवीस टकरी होतात. गल्ल्यात एकाच वेळी पंचवीस दुकानांचे पैसे. हरवलेली ऊर्जा मोजणार कशी? सीएमएसनं सरळ न्यूट्रिनोचा नाद सोडला. फक्त म्युऑनचा आडवा संवेग बघितला. त्यालाही कड असते, डब्ल्यूच्या निम्म्या वस्तुमानापाशी, म्हणजे चाळीसच्या आसपास. ती कड डब्ल्यूच्या स्वतःच्या आडव्या चालीनं फार बिघडते, म्हणून पूर्वी एकट्या तिच्यावर सहसा कुणी भिस्त ठेवत नसे. दहा कोटींहून अधिक डब्ल्यू असल्यावर ती चाल त्याच माहितीतून आवळता आली.

मग सीडीएफ चुकलं का? माझा कल विचाराल तर होय, कुठेतरी काहीतरी राहिलंय असं मला वाटतं. पण हा कल आहे, पुरावा नाही. दोन वर्षं जगभरातल्या हुशार लोकांनी त्यांचा निबंध ओळीनं ओळ तपासला आणि चूक दाखवता आली नाही. शिवाय एलएचसीवरचे प्रयोग एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र नाहीत. प्रोटॉनच्या थैलीत काय काय आहे याचे तक्ते सगळे जवळपास तेच वापरतात. टेव्हाट्रॉनमध्ये प्रतिप्रोटॉन होते, टकरी स्वच्छ होत्या, आणि तशी टक्कर घेणारं यंत्र आज जगात कुठेही नाही. त्यामुळे सीडीएफची मोजणी पुन्हा करून बघू म्हणायची सोय उरलेली नाही. माहिती आहे, ती फक्त पुन्हा वाचता येते.

सीडीएफनं आकडा मागे घेतलेला नाही. 80,433.5 आणि 80,360.2, दोन्ही छापील, दोन्हींची चूक दहाच्या आत.

आजच्यापुरतं एवढंच. काठ्यांच्या सावल्यांचा आलेख ज्यांनी खरंच काढून बघितला त्यांनी मला फोटो पाठवा. पुढच्या भागात न्यूट्रिनोच्या स्वतःच्या वजनाकडे वळू. आज सगळीकडे ते शून्य धरलं, आणि ते शून्य नाही. भेटू.